गर्भ आणि खजिना

गिरगावातील चाळीच्या सज्जात दिव्यापाशी किडे टिपणारी पाल ज्याने कधी खालून निरखली असेल, त्याला तिच्या पोटाच्या पातळ कातडीतून दिसणारी दोन पांढरी अंडी आठवतील. परंतु ती अंडी म्हणजे तिने टिपलेल्या किड्यांचाच जमाखर्च होय, हे सहसा ध्यानी येत नाही. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन यकृतास आज्ञा देते, यकृत बलकाचे प्रथिन सिद्ध करते, शेपटीतील व पोटातील चरबी त्यापायी उपसली जाते, आणि पालींच्या कित्येक जातींत मानेतल्या पिशव्यांमध्ये साठविलेला चुना कवचाच्या कामी येतो. संप्रेरके हुकूम काढणारे कारभारी खरे. पण खजिन्यात शिल्लक नसेल, तर हुकमाची तामिली कशी व्हावी?

परळच्या हाफकिन संस्थेत जिच्या विषापासून प्रतिविष सिद्ध होत आले, ती घोणस अंडी न घालता पिलेच प्रसवते. तिच्या कुळातील युरोपीय सापांच्या निरीक्षणात आढळले आहे की, मादीच्या अंगी पुरेशी चरबी साठली नसेल तर ती त्या वर्षी वीणच टाळते, आणि कधी दोन-तीन वर्षेही वाट पाहते. ह्या संयमाचा मला हेवा वाटतो, कारण मनुष्यजातीच्या स्त्रीस तो निसर्गाने अर्धाच दिला आहे. चरबीची खबर मेंदूस पोहोचविणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ साली सापडले. पराकाष्ठेच्या उपासमारीत ऋतुस्राव थांबतो, हेही खरे. परंतु नित्याच्या अर्धपोटी अवस्थेत गर्भ राहतोच, आणि तुटीची वसुली मातेच्या रक्तातून होते.

ह्याचा पुरावा ह्याच मुंबईत मिळाला. ल्यूसी विल्स ही इंग्रज वैद्यकसंशोधक १९२८ साली येथे आली आणि गर्भवतींच्या घातक पांडुरोगाचा शोध घेऊ लागली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या वर्गातील आणि इतर गरीब स्त्रियांच्या आहारात भाजीपाला, फळे व प्रथिने ह्यांची वानवा तिला दिसली. उंदरांना तसेच निकृष्ट अन्न घातले, तेव्हा तेही पांढरे पडले खरे, पण त्यात उवांनी पसरविलेल्या रोगाचा हात निघाला. माकडांवरील प्रयोगाने मात्र वाट दाखविली आणि यीस्टचा स्वस्त अर्क रुग्ण स्त्रियांनाही गुणकारी ठरला. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले, आणि १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले.

परळमध्येच १९७० साली प्रजनन-संशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि आज प्रसूतिगृहांत लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. त्या अवश्य द्याव्यात. मात्र गोळी हाती ठेवणाऱ्या परिचारिकेने, घरात रात्री सर्वांत शेवटी कोण जेवते आणि तेव्हा भांड्यात काय उरलेले असते, एवढे दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे नोंदवहीत लिहून ठेवावीत.