वहीतली नावं

एप्रिल २०२१. बाबा हॉस्पिटलमध्ये होते आणि आई आणि मी दहिसरच्या घरात फोनकडे बघत बसलो होतो. शेजारच्या आंटी मास्क लावून दारात आल्या आणि म्हणाल्या, "बाबांचं पूर्ण नाव सांग रे." त्या दिवसांत कुणी पूर्ण नाव विचारलं की बेड नाहीतर रेमडेसिविर, एवढंच डोक्यात यायचं. मी घाईघाईनं नाव सांगितलं. मग कळलं, आंटींना ते प्रार्थनेच्या वहीत लिहायचं होतं.

खरं सांगतो, मी चिडलो. देव सर्वज्ञ असेल तर त्याला माझ्या बाबांचं नाव कळवायची गरज काय? आणि त्याला सगळं ठाऊक असूनही तो कुणीतरी आठवण करून देण्याची वाट बघत असेल, तर असा देव हवाच कशाला? मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. रिक्वेस्ट पाठवली की उत्तर यायला हवं, निदान एरर तरी.

बाबा गेले.

दीडेक वर्षानं आंटींचा वायफाय बंद पडला म्हणून त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ती वही टेबलावर उघडीच होती. शाळेची, दोनशे पानी. बाबांच्या नावावर काट मारलेली नव्हती. त्याखाली आईचं नाव होतं आणि त्याखाली माझं. मी म्हटलं, "आंटी, बाबा तर गेले." त्या म्हणाल्या, "गेले म्हणून नाव खोडायचं?" एवढंच. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही चर्चला ये म्हटलेलं नाही.

ख्रिस्ती लोक याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्याच्या वतीनं देवासमोर उभं राहणं. बायबलमध्ये याचं सगळ्यात धीट उदाहरण मोशेचं आहे. 'निर्गम' या पुस्तकात लोक सोन्याचं वासरू घडवून त्याची पूजा करतात. देव संतापतो आणि मोशेला म्हणतो, मला यांचा नाश करू दे, तुझ्यापासून नवं राष्ट्र घडवतो. कुठल्याही नेत्याला भुरळ पडावी असा हा प्रस्ताव. मोशे तो नाकारतो. लोकांचा अपराध मान्य करतो, तरीही त्यांना क्षमा कर म्हणतो आणि ते जमत नसेल तर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव पुसून टाक, असं सांगतो.

हे वाचल्यावर मी अडखळलो, कारण मोशे हा आज्ञाधारकतेचा नमुना मानला जातो आणि इथे तर तो चक्क देवाशीच वाद घालतोय. मग देवाची आज्ञा पाळणं म्हणजे नेमकं काय?

या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेली एक मराठी बाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असते, पण तिची ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. नव्या ख्रिस्ती बाईनं चर्चच्या वडीलधाऱ्यांचं निमूट ऐकावं, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या भडकल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, आपली संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. त्या दोघींचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. त्यात रमाबाई पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगतात: मी देवाला मानते, पण म्हणून माझी सदसद्विवेकबुद्धी कुणा माणसाच्या हाती देणार नाही.

पुढे भारतात परतल्यावर त्या स्वतःच खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला आल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, मग ते पुण्याला हलवलं. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहू लागल्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी प्रार्थनेसाठी हाक दिली. सुरुवातीला सत्तरेक जणी रोज जमू लागल्या, काही महिन्यांत हा आकडा पाचशेच्या पुढे गेला. त्याच आवारात शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून छापलं गेलं. प्रार्थना म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, हा माझा समज केडगावपुढे टिकला नाही.

पण एक काटा राहतोच. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो असा गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, मुली आपणहून येतात. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण जिच्या घरात आपण राहतो, जिचं अन्न खातो, तिचं उघडं दार खरंच नुसतं उघडं असतं का? आत न जाण्याची किंमत काय, हा हिशोब बारा वर्षांची मुलगी मनात करत नसेल? माझा मॅनेजर "शनिवारी आलात तर बरं, सक्ती नाही" म्हणतो, तेव्हा आम्ही सगळे जातो. सक्ती नसते, हे खरंच असतं.

म्हणून मला वाटतं, देवाची आज्ञा पाळणाऱ्या नेत्याची खरी कसोटी तो वाँटेजला काय म्हणाला यावर संपत नाही. वरच्याला नाही म्हणायला धैर्य लागतं. खालच्यानं आपल्याला नाही म्हटलं, तरी त्याच्या ताटातलं काही कमी होणार नाही याची काळजी घ्यायला वेगळंच काहीतरी लागतं. जे स्वातंत्र्य मी देवाच्या नावानं मागितलं, ते माझ्यावर अवलंबून असलेल्या माणसाला त्याच्या मनाप्रमाणे वापरू देणं, हे जास्त कठीण आहे. रमाबाईंना ते किती साधलं यावर माणसं आजही भांडतात आणि ते भांडण योग्यच आहे.

दुसऱ्यासाठीची प्रार्थना मला इथे कळू लागते. मोशे देवाच्या वतीनं लोकांना आज्ञा देतो, पण आधी लोकांच्या वतीनं देवापुढे उभा राहतो, तेही त्यांनी त्याचं ऐकलेलं नसताना. ज्यांनी आपलं ऐकलं नाही, त्यांचीही नावं ज्या नेत्याच्या वहीत असतात, त्याच्या हाती थोडी सत्ता द्यायला हरकत नसावी.

माझा आजही प्रार्थनेवर विश्वास नाही. बाबा परत आले नाहीत आणि त्याचं उत्तर आंटींकडेही नाही. पण मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलाच्या आईचं ऑपरेशन होतं. तो माझ्या टीममध्ये आहे आणि माझं फारसं ऐकत नाही. संध्याकाळी आंटींची बेल वाजवली आणि त्या माउलीचं पूर्ण नाव सांगितलं. आंटींनी चष्मा लावला, पेन शोधलं आणि मला विचारलं, "आणि तिच्या पोराचं?"