हळदीने बुजवलेलं भोक



मागच्या रविवारच्या वाचनात एक प्रश्न निघाला होता. समोरच्याने विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही, तर ते खोटं बोलणं झालं का? चर्चा रंगली, पण वेळ संपला. आमच्या घरात हाच प्रश्न एका जुन्या गाडीमुळे उभा राहिला होता. तो अनुभव घडला तसा लिहितो आहोत. गाडीतलं काही कळत नसलं तरी वाचा, घरातलं सगळ्यांनाच कळतं.

आम्ही इंदूरचे. दारात 1984 सालची ॲम्बेसेडर आहे, वडिलांनी हौसेने घेतलेली. दोन वर्षांपूर्वी ओंकारेश्वरला दर्शनाला गेलो. परत येताना भेरूघाटाच्या चढावर तापमानाचा काटा वर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. टपरीपाशी थांबून इंजिन चांगलं निवू दिलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं, हे वडिलांनी लहानपणीच बजावलेलं. वाकून पाहिलं तर रेडिएटरच्या खालच्या सांध्यातून थेंब पडत होते. तिथे चहा पीत असलेले एक ट्रकवाले भाऊ म्हणाले, "हल्दी डाल दो, घर पहुँच जाओगे." वहिनींच्या पूजेच्या पिशवीत हळद होती. दोन मुठी टाकल्या, पाणी भरलं, थेंब थांबले. रात्री सुखरूप घरी आलो.

इथपर्यंत आमचं काही चुकलं असं वाटत नाही. रात्रीची वेळ, घाट, गाडीत आई. तेव्हा हळदच योग्य होती. चूक दुसऱ्या दिवशी सुरू झाली. थेंब थांबलाय ना, मग बघू पुढच्या आठवड्यात. तो आठवडा दीड वर्ष चालला. चार-पाच दिवसांनी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी टाकायचं, एवढीच सवय लागली. जमिनीवर थेंब दिसत नाही, तर हे पाणी जातं कुठे, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. खरं म्हणजे पडला होता, आम्ही विचारला नाही.

मग गाडी विकायची ठरली. आपल्या सत्संगातलाच एक तरुण घ्यायला तयार झाला. आईवडिलांना देवदर्शनाला फिरवायचं, म्हणून ऐसपैस गाडी हवी होती. आम्ही म्हटलं, एकदा चालवून बघ, मिस्त्रीला दाखव. तो हसून म्हणाला, "काका, तुमच्या घरची गाडी. त्यात बघायचं काय?"

त्या रात्री जेवताना विषय निघाला. दादा म्हणाले, "जुनी गाडी आहे, थोडी गळणारच. त्याने विचारलं नाही, आपण खोटं बोललो नाही." व्यवहाराने पाहिलं तर त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, "तो गाडी बघत नाहीये, कारण तो आपल्याला बघतोय."

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी जे केलं ते आम्ही उभे राहून पाहिलं. आधी रबरी होज दाबून पाहिले, क्लिपा तपासल्या. मग पाण्याच्या पंपाखाली बोट फिरवलं. तिथे एक बारीक भोक असतं, ते बनवणाऱ्यानेच ठेवलेलं. पंपाचं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं आणि मालकाला दिसावं, म्हणून. आमचं ते कोरडं होतं.

मग गार इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला घड्याळ लावलेला हातपंप बसवला. रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं, ते आत दाब धरून ठेवतं. आमच्या झाकणावर 7 असा आकडा आहे, म्हणजे 7 पौंड दाब. एवढ्या दाबामुळे पाणी दहा-बारा अंश उशिरा उकळतं. गळती असली की दाब टिकत नाही आणि घाटात पाणी लवकर उकळतं. काकांनी 7 पर्यंत हवा भरली आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत काटा 4 वर आला होता. खाली अंथरलेला कागद मात्र कोरडाच.

"आता भीती वाटते ती हेड गॅस्केटची," काका म्हणाले. ते गेलं तर पाणी इंजिनाच्या आतच शिरतं. पण ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन ते ब्लॉकच्या अडचणीच्या बाजूला गेले. तिथे ब्लॉकमध्ये पत्र्याच्या गोल टिकल्या बसवलेल्या असतात, त्यांना कोअर प्लग म्हणतात. एक गंजून झिरपत होता. प्रवासात ते पाणी गरम ब्लॉकवरच वाळून जायचं, मागे फक्त तपकिरी ओघळ राहायचा. दोष गाडीचा नव्हता. वर्षानुवर्षं कूलंट न घालता नळाचं पाणी भरणारे आम्हीच.

पण खरा धडा पुढे होता. रेडिएटर उघडला तर निम्म्या नळ्यांत पिवळा चिखल बसलेला. काका म्हणाले, "हळदीला भोक कुठलं आणि वाट कुठली, ते कळत नाही. ती दोन्ही बुजवते."

हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. आपणही एखादी गोष्ट झाकतो तेव्हा वाटतं, तेवढीच झाकली. मुलाची परीक्षेतली नापासी, भावाचं कर्ज, स्वतःचं दुखणं. मग त्या विषयाच्या जवळ जाणारं बोलणंही टाळावं लागतं. हळूहळू चांगल्या बोलण्याच्या वाटाही बुजतात, आणि घर का तापतंय ते कळत नाही. गळतीचा शोध दाबाखालीच लागतो. पण तो गार असताना, आपल्या हाताने दाब देऊन घेतलेला बरा. नाहीतर घाट तो घेतोच.

आता मूळ प्रश्न. आम्हाला उमगलं ते असं: तात्पुरता उपाय हे खोटं नव्हे. तो तात्पुरता आहे हे सांगायचं आपण थांबवतो, तिथे खोटं सुरू होतं. आणि जो विश्वासापोटी विचारत नाही, त्याला सांगण्याची जबाबदारी विचारणाऱ्यापेक्षा जास्त आहे. विचारणारा स्वतःचं रक्षण करतो. न विचारणाऱ्याने ते काम आपल्यावर सोपवलेलं असतं.

आम्ही त्या तरुणाला गॅरेजमध्ये बोलावून सगळं दाखवलं, पिवळा चिखलसुद्धा. त्याने ऐकून घेतलं, आभार मानले आणि दुसरी गाडी घेतली. खरं बोललं की फायदाच होतो, असं सांगायला आमच्याकडे काही नाही. रेडिएटर साफ करून सांध्याला डाख दिला, सगळे कोअर प्लग बदलले, बराच खर्च आला. गाडी अजून दारातच आहे. फक्त आता दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, दादा स्वतः झाकण उघडून पाणी बघतात.

या गुरुवारी घरच्या नामस्मरणानंतर पाच मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसावं. पंपाखालच्या त्या बारीक भोकासारखी, चूक निमूटपणे सांगता येईल अशी एक जागा आपल्या घरात आहे का, हे एकमेकांना विचारावं. ज्याने पहिल्यांदा सांगितलं, त्याच्यावर रागवू नये.

आपले,
इंदूरचा एक साधक परिवार 🙏