कौतुकाचे ऋण

सामान्य माणसाच्या चिकाटीची कथा ऐकताना ऐकणाऱ्याचे मन उजळून निघते. परिस्थितीने ज्याच्या पदरात फारसे काही घातले नाही, त्याने निर्धाराच्या बळावर काही उभे केले, हे कळले की माणुसकीवरचा विश्वास क्षणभर दृढ होतो. अशा कथांची समाजाला गरज असते, याविषयी दुमत नसावे. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हण ज्या भाषेत घरोघर बोलली जाते, त्या भाषेच्या वाचकाला तर हे निराळे सांगायला नको. प्रश्न आहे तो कौतुकाच्या पुढचा. दुसऱ्याच्या निर्धाराला दाद दिल्याने दाद देणाऱ्यावर काही जबाबदारी येते काय? की सत्कार करून, शाल पांघरून तो मोकळा होतो? बंगळूर शहराशी आणि त्याच्या परिसराशी निगडित अशा तीन स्त्रियांच्या आयुष्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येण्यासारखा आहे.

१९३३ साली कमला भागवत यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. तरीही अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन. आणि नकाराचे कारण एवढेच, की अर्ज एका स्त्रीचा होता. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि त्यांनी खुद्द रामन यांच्यापुढे उभे राहून आपला हक्क मागितला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष परीक्षेचे मानले जाईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि आपल्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ देता कामा नये. कमलाबाईंनी या अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेत स्त्रियांना प्रवेशाची वाट खुली झाली. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर संशोधन करताना वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्याचे कार्य त्यांनी दाखवून दिले आणि १९३९ साली तेथील पीएच.डी. मिळवली. विवाहानंतर त्या कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या.

ही कथा सांगण्याची एक रूढ रीत आहे. दार बंद होते, मुलगी जिद्दी होती, दार उघडले. या रीतीने सांगितली की कथा सुखान्त होते आणि ऐकणारा निश्चिंत होतो. पण त्यातील तिसरी अट जरा थांबून पाहिली पाहिजे. दुसऱ्यांच्या मनाच्या चंचलतेची जबाबदारी त्या अटीने एका विद्यार्थिनीच्या माथी मारली होती. तिच्या बरोबरीच्या मुलांना जे गुणवत्तेवर मिळत होते, त्यासाठी तिला गुणवत्तेखेरीज वर्षभराची अग्निपरीक्षा द्यावी लागली. तिने ती दिली, हे तिचे मोठेपण. मात्र तिच्या मोठेपणामुळे ती परीक्षा न्याय्य ठरत नाही. कमलाबाईंनाही ती कधी न्याय्य वाटली नाही. त्या अपमानाचा सल त्यांनी उतारवयातही बोलून दाखवला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कमलाबाईंच्या निर्धाराला काही आधार होते. घरात विज्ञानाची परंपरा होती, पहिला क्रमांक हाती होता, मुंबईहून बंगळूरला जाऊन जाब विचारण्याइतके बळ पाठीशी होते. हे आधार नसलेली, पण मनाने तितकीच खंबीर असलेली एखादी मुलगी नकाराचे पत्र घडी करून पेटीत ठेवून देती, तर तिची कथा कोणी सांगितली असती? प्रेरणादायी कथांचा दोष हाच, की त्या फक्त पोचलेल्यांच्या असतात. त्या सतत ऐकणाऱ्याच्या मनात नकळत एक समीकरण रुजते. जो पोचला त्याच्यात जिद्द होती, म्हणजे जो पोचला नाही त्याच्यात ती नव्हती. कौतुकाच्या पोटी असा एक निष्ठुर आरोप दडलेला असतो.

हे समीकरण किती फसवे आहे, हे त्याच शहरात काही वर्षांनी दिसून आले. १९४० साली अन्ना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. स्त्रियांसाठी दार आता बंद नव्हते. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर त्यांनी अपार कष्टाने काम केले आणि १९४५ साली पीएच.डी.साठी प्रबंध सादर केला. त्यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. पुढे त्यांनी भारतीय हवामान खात्यात, पुण्याच्या वेधशाळेत, हवामानमापनाची उपकरणे देशातच घडवण्याचे जे काम उभे केले, ते सर्वज्ञात आहे. तो प्रबंध मात्र पदवीविनाच राहिला. या दोघींत कोणाचा निर्धार उणा होता? उणा कोणाचाच नव्हता. एकीपुढचे कुलूप उघडले, दुसरीपुढचे उघडले नाही, इतकाच फरक.

निर्धाराचे मोल यशावर ठरत नाही, हे तत्त्वज्ञानाने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. गीतेने कर्म आणि फळ यांची फारकत केली. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली असे प्रतिपादन केले, की शुद्ध संकल्प परिस्थितीच्या कृपणतेमुळे निष्फळ ठरला तरी तो रत्नासारखा स्वतःच्याच तेजाने चमकत राहतो. हा विचार कर्त्यासाठी खरा आहे; त्याला तो धीर देतो. पण भोवतालच्या समाजाने त्याचा आधार घेऊन हात झटकले, तर तोच विचार सोयीचा होतो. फळाची आशा सोडणे ही कर्त्याची साधना असू शकते. त्याला फळ मिळू न देणे हा इतरांचा अधिकार होऊ शकत नाही.

विद्यापीठे आणि पदव्या यांच्या जगापासून फार दूर, बंगळूरच्या पश्चिमेस मागडी तालुक्यातील हुलिकल या गावी, हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला. तिम्मक्का आणि त्यांचे पती चिक्कय्या हे मोलमजुरी करणारे जोडपे. तिम्मक्का कधी शाळेत गेल्या नाहीत. मूल झाले नाही. त्या दुःखातून दोघांनी वडाची रोपे लावायला घेतली. हुलिकल ते कुदूर या रस्त्याच्या कडेने पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस, अशी ती वाढत गेली. रोपे पावसाच्या सुमारास लावायची, लांबून घागरींनी पाणी वाहून आणायचे, गुरांनी खाऊ नयेत म्हणून काट्यांचे कुंपण करायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. सुमारे साडेचार किलोमीटरांत ३८५ वड उभे राहिले. वड लावणाऱ्याला त्याची पुरी सावली क्वचितच लाभते. ती पुढच्यांसाठी असते. १९९१ साली चिक्कय्या गेले. तिम्मक्कांच्या नावामागे लोकांनी ‘सालुमरद’ हे बिरुद लावले. कानडीत त्याचा अर्थ ‘झाडांच्या रांगेची’. अक्का या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही.

१९९५ साली त्यांना राष्ट्रीय नागरिक पुरस्कार मिळाला. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री स्वीकारताना या शतायुषी वृद्धेने राष्ट्रपतींच्याच मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि साऱ्या देशाने ते दृश्य कौतुकाने पाहिले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, त्याच वर्षी, रस्ता रुंद करण्याच्या योजनेत हे वड तोडले जाण्याची वेळ आली. वय शंभरीपलीकडे गेलेल्या तिम्मक्कांना आपली झाडे वाचवा म्हणून राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे आणि उपमुख्यमंत्र्यांकडे गाऱ्हाणे घालावे लागले. पर्याय शोधण्याचे आश्वासन मिळाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

या घटनेत कोणी दुष्ट नव्हते. सन्मान करणारे प्रामाणिक होते आणि रस्त्याची गरजही खोटी नव्हती. दोष होता तो कौतुकाच्या स्वरूपात. व्यक्तीचा गौरव करताना तिने ज्यासाठी आयुष्य वेचले ते वड आराखड्याबाहेरच राहिले. ज्या हातांनी झाडे लावली त्यांना पदक द्यायचे आणि झाडांची काळजी पुन्हा त्याच थकलेल्या हातांवर टाकायची, हा व्यवहार कृतज्ञतेचा म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. अन्यायाचा हिशेब मांडत बसले तर कर्तृत्ववान माणूस बिचारा ठरतो आणि त्याच्या पराक्रमाचे तेज झाकोळते. शिवाय ज्याच्यापुढे आज दार बंद आहे, त्याला व्यवस्थेचे दोष ऐकवून काय लाभ? त्याला धीर हवा असतो, आणि तो उदाहरणानेच मिळतो. या आक्षेपात तथ्य आहे. झगडणाऱ्याला कमलाबाईंची आणि तिम्मक्कांची कथा जरूर सांगावी. ती त्याच्या हक्काची आहे. परंतु तीच कथा दाराच्या आतल्या बाजूस बसलेल्याला सांगताना तिचा अर्थ बदलतो. एकाला ती ‘चालत राहा’ असे सांगते. दुसऱ्याला ‘कडी काढ’ असे सांगते. दुसऱ्याने पहिल्याचा अर्थ उसना घेणे ही खरी आत्मवंचना होय.

या दृष्टीने पाहता रामन यांच्या वर्तनातही शिकण्यासारखे काही उरते. त्यांचा नकार समर्थनीय नव्हता आणि त्यांच्या अटी तर मुळीच नव्हत्या. पण कमलाबाईंचे काम पाहिल्यावर ‘ही एक अपवाद आहे’ असे म्हणून ते थांबले नाहीत; पुढच्या मुलींसाठी नियम बदलला. अपवाद म्हणून केलेला गौरव नियमाला धक्का लावत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो. नियम बदलणारी दाद महाग पडते. कौतुक हे एक ऋण आहे असे मानले, तर त्याची फेड अशाच दादेने होते. पुढच्या मुलीला तेवढ्याच शिक्षणासाठी कमी जिद्द लागावी आणि पुढच्या झाडाला वाचण्यासाठी कोणा वृद्धेच्या विनवणीची गरज पडू नये, इतकी व्यवस्था झाली म्हणजे ते ऋण फिटू लागले असे समजावे.