ओटा आणि स्थान

स्थान, प्रसाद, भिक्षु आणि वासनिक ही चार साधने आपल्या पंथात सांगितली आहेत. त्यांपैकी स्थानाविषयी एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो व त्याचे उत्तर बहुधा भावनेच्या भरात दिले जाते. रस्ता रुंद होतो, गावठाण वाढते, धरणाचे पाणी चढते. १९७६ मध्ये जायकवाडीचे काम पूर्ण झाले, तेव्हा गोदातीरीची कितीतरी गावे उठली. अशा वेळी ओटा मूळ जागी राखता आला नाही, तर तो पन्नास पावले सरकवून बांधावा आणि नव्या संगमरवरावर जुनेच नाव कोरावे, हे उचित आहे काय?

मूर्तिपूजकास यात अडचण वाटणार नाही; विधिपूर्वक प्रतिष्ठा केली की देवता तेथे आली, असे तो मानतो. आपला सिद्धान्त निराळा आहे. पाषाण परमेश्वर नव्हे. परमेश्वर अवताराच्या श्रीचरणांचा त्या भूमीस संबंध घडला म्हणून ती वंद्य. संबंध ही घडून गेलेली गोष्ट आहे. ती कोणत्याही विधीने अन्यत्र घडवून आणता येत नाही. गवंडी ओटा सरकवील, स्थान सरकणार नाही.

यावर कोणी म्हणेल, 'मग स्थानावरील पाषाण विशेष म्हणून आपण दूरदेशी नेतो, त्याचे काय?' त्या पाषाणास स्वतःचा संबंध आहे आणि तो त्याच्याबरोबर जातो. परंतु जेथे विशेष ठेविला ती भूमी त्यामुळे चरणांकित होत नाही. विशेषास विशेष म्हणून वंदन करावे, स्थान म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वृद्ध वासनिक बाई दूरवरून येते, चुकीच्या ओट्यावर मस्तक ठेविते, स्वामींची लीळा आठवून तिचे डोळे भरून येतात. तिचे काय उणे झाले? माझ्या मते तिचे काहीच उणे झाले नाही. स्मरण घडले ते खरेच घडले. पण तिच्या भावाचे श्रेय ओटा बांधणाऱ्याने आपल्या पदरी ओढू नये. ती श्रद्धेने चुकली. त्याने जाणून चुकविले.

स्थानपोथी परंपरेने मुनिव्यासांच्या नावावर आहे. तिच्यात वर्णनाचा फुलोरा जवळजवळ नाही. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, आसन कोठे, अवस्थान कोठे, एवढेच. परिश्रयाचे स्थानदेखील वगळलेले नाही. भक्ताला शोभिवंत वाटेल तेवढेच टिपावे असे लिहिणाऱ्याच्या मनात असते, तर ते खचित गळाले असते. स्वामींचा निवास पुष्कळदा देवतांच्या देवळांत असे. पैठणास तो भोगनारायणाच्या देवळात होता. त्यामुळे ज्या देवतांचे भजन आपण करीत नाही, त्यांची देवळे आपल्या स्थानांच्या खुणा होऊन बसली आहेत. तसे एखादे देऊळ पडले की दिशा आपलीच हरवते!

आणि निश्चय होत नसेल तर? याचे उत्तर लीळाचरित्राच्या पोथ्यांतच आहे. म्हाइंभटांनी पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे जाऊन लीळा मिळविल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ नाहीसा झाला आणि स्मरणाच्या आधारे तो पुन्हा सिद्ध करावा लागला. स्मरणे जुळेनात. तेव्हा आपल्या पूर्वजांनी एक पाठ ठेवून बाकीचे जाळून टाकले नाहीत. ही हिराइसेची वासना, ही परशरामबासांची वासना, असे नावानिशी भेद नोंदविले. येथे वासना म्हणजे स्मरणातील पाठ. प्रत्यक्ष अवताराच्या लीळेविषयी जर ते एवढे मोकळेपणाने मतभेद मांडतात, तर ओट्यावरच्या चार ओळींत आपण का कचरावे?

'पोथीनुसार स्थान येथून पूर्वेस, पाण्याखाली', किंवा 'नक्की जागा अनिर्णीत', असा पाषाण बसविण्यास संगमरवराइतका खर्च येत नाही. देणगीदारास तो आवडणार नाही, हे खरे. परंतु रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तेथील विद्यार्थी पोथी हाती घेऊन ओटे मोजू लागले, तर त्यांच्या प्रश्नास महंतांनी भाव हे उत्तर देऊन भागणार नाही.

जेथे स्थान अजून शाबूत आहे, तेथे दिशा व अंतरे आताच मोजून पोथीशी ताडून ठेवावीत, आणि जुनी विहीर कोठे होती हे सांगणारी माणसे गावात आहेत तोवर त्यांची साक्ष लिहून घ्यावी. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही लिहावे.