स्वाक्षरीपूर्वीचे वचन

14 जुलै 2015 रोजी व्हिएन्ना येथे इराण आणि सहा राष्ट्रांमध्ये अणुसमझोता झाला. तो कायदेशीर तह नव्हता. त्यावर स्वाक्षऱ्याही नव्हत्या. होती ती राजकीय वचने. इराण अटी पाळत असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था सांगत असतानाच 2018 मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. कायद्याचे बंधन नव्हते, म्हणून वचनभंगही झाला नाही, असे म्हणता येईल काय?

हिजरी सन 6 मधील हुदैबियाचा प्रसंग आठवावा. मक्केहून पळून येणाऱ्यास परत पाठवण्याची अट ठरली होती. करारपत्र अजून पुरे व्हायचे होते. इतक्यात बेड्यांसह अबू जंदल (रजि.) आश्रयास आले. कुरैशचा प्रतिनिधी सुहैल त्यांचाच पिता होता. लेखन अपुरे असल्याचे सांगून आदरणीय प्रेषितांनी (स.) सवलत मागितली. सुहैलने ती नाकारली. तेव्हा जड अंतःकरणाने अबू जंदल (रजि.) यांना परत पाठवण्यात आले.

दिव्य कुरआनने कर्जव्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा दिली आहे (2:282). म्हणजे लेखनाचे मोल मोठेच आहे. परंतु लेख हा वचनाचा पुरावा होय, वचनाचा उगम नव्हे. शब्द सैल आहे, हे दोन्ही पक्षांस ठाऊक असेल तर त्यात दोष नाही. समोरच्याला विसंबू द्यावे आणि मग कोऱ्या जागेकडे बोट दाखवावे, हा मात्र विश्वासघात होय. न्यायालय कागद मागेल. अल्लाह वचनाचा जाब विचारील (17:34).