गृहभेटीपूर्वी

मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवून कागदपत्रे दिली, की साठ दिवसांत समाजसेविकेने घरी येऊन अहवाल पूर्ण करावा, असा दंडक आहे. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात या भेटीची तयारी सुरू झाली ती, अर्थातच, रंगकामापासून. फिनेलची बाटली वरच्या फळीवर गेली. उत्पन्नाचे पुरावे, वैद्यकीय दाखले, ओळखीच्यांची शिफारसपत्रे फाइलीत लागली. ही तयारी सोपी, कारण तिला शेवट असतो.

अवघड होते ते प्रश्न. मुलाला त्याच्या जन्माविषयी कोण सांगणार आणि केव्हा? नातेवाइकांतून रंगावरून, जातीवरून कुणी बोलले, तर उत्तर कोण देणार? अपत्य न झाल्याचे दुःख ओसरले आहे का? या शेवटच्या प्रश्नावर पत्नी आणि मी इतक्या वर्षांत प्रथमच मोकळेपणाने बोललो. आई म्हणाली, "आमच्या वेळी दिराचं, नाहीतर भावाचं मूल घ्यायचे रे. परक्याचं कोण घेत होतं?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. परंपरेने दत्तक घेतला जाई तो पुत्र, वंशासाठी, पिंडदानासाठी. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेणे मान्य केले आणि अविवाहित व विधवा स्त्रियांनाही स्वतःसाठी दत्तक घेण्याचा हक्क दिला. 2015 च्या बाल न्याय कायद्याखालील दत्तकविधानात तर मुलाचे हित सर्वांत आधी येते. निपुत्रिकाची गरज त्यानंतरची.

पोटी मूल जन्मते तेव्हा कुणी घर तपासायला येत नाही, ही इच्छुक पालकांची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. तीत तथ्य आहे. परंतु ज्या मुलाचे आईबाप सुटले, त्याचे पालकत्व काही काळ शासनाकडे असते. ते दुसऱ्याच्या हाती देताना शासनाने चौकशी न करणे हीच बेजबाबदारी ठरेल. मूल घरी आल्यावरही दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, विचारपूस होते. मला त्यात अविश्वास दिसत नाही.

या वाटेवर असलेल्या वाचकांना एक विनंती: रंगकाम मागाहून करावे. आधी घरातील सर्वांनी एकत्र बसून वरचे तीन प्रश्न एकमेकांना विचारावेत, आणि त्या बैठकीतून आजी-आजोबांना वगळू नये.