विचारल्यावाचून सांगावयाचे सत्य

असत्य बोलू नये हे आपण मुलांस पुनःपुन्हा बजावतो. परंतु ठाऊक असलेले सत्य कोणी न विचारता आपण होऊन केव्हा सांगावे, याविषयी आपली नीतिशिकवण बरीचशी मुग्ध आहे. किंबहुना, न विचारता बोलू नये, हेच शहाण्याचे लक्षण मानण्याकडे आपला कल. या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते एखाद्या ग्रंथाने नव्हे, तर करंगळीएवढ्या एका पितळी बुशाने.

बारामतीची औद्योगिक वसाहत पिआजिओच्या तीनचाकी गाड्यांमुळे दूरवर परिचित आहे. तेथून थोड्या अंतरावरील एका लहानशा कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी काम पाहतो. तेथे लेथवर वाहनांकरिता पितळी बुश कापले जातात, आणि एक व्यापारी ते जर्मनीस धाडतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला तो हातात एक छापील तक्ता घेऊन. या मालात घातक द्रव्ये नाहीत, अशा अर्थाच्या मजकुराखाली त्यास सही करावयाची होती. "सर, सळया विकणाऱ्यास फोनवर विचारले. तो नाही म्हणाला. सही केली तर मी खोटे बोललो असे होईल काय?"

येथे त्या कायद्याचे स्वरूप सांगणे अवश्य आहे. 'रीच' नावाचा हा युरोपीय नियम जून 2007 पासून अमलात आला. विशेष चिंताजनक ठरविलेल्या द्रव्यांची एक यादी त्याखाली ठेवलेली असून ती वाढत असते. जून 2018 मध्ये शिसे तीत आले. यादीतील द्रव्य वस्तूच्या वजनाच्या 0.1 टक्क्याहून अधिक असेल, तर विकणाऱ्याने पुढच्या व्यावसायिक ग्राहकास ते न विचारता कळवावयाचे. सामान्य गिऱ्हाइकाने विचारल्यास 45 दिवसांत, विनामूल्य. टक्केवारी संपूर्ण यंत्राच्या वजनावर काढून मोकळे होता येत नाही. यंत्रातील प्रत्येक सुट्या वस्तूचा हिशेब निराळा धरावा, असे युरोपीय न्यायालयाने 2015 साली ठरविले. आता, लेथवर सुबक कापले जावे म्हणून पितळात दोन-तीन टक्के शिसे घालण्याची रीत जुनी आहे. आणि मौज अशी की, युरोपच्या वाहनविषयक नियमांनी अशा शिशास 4 टक्क्यांपर्यंत सवलत दिलेली आहे. म्हणजे येथे कायदा 'घालू नका' म्हणत नाही. 'घातले असेल तर सांगा' एवढेच म्हणतो.

मी त्यास म्हणालो, "अरे, जे कळण्याचा मार्ग हाताशी असून मुद्दाम कळून घेतले नाही, त्यास अज्ञान कसे म्हणावे?" शांतिपर्वातील तुलाधार दुसऱ्याकडून माल घेई आणि कपटावाचून विकी. परंतु त्याच्या तराजूत पितळातील शिसे दिसले नसते. आजच्या तुलाधारास प्रयोगशाळाही लागते, आणि ती फुकट मिळत नाही. हे आम्ही उपदेश करणारे प्राध्यापक सोयीस्करपणे विसरतो. बारामती-इंदापूरच्या द्राक्षबागाईतदारांस हे निराळे सांगावयास नको. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश आढळल्याने महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकून पडली. बागाईतदारांनी काही लपविले होते असे नव्हे. आपल्याकडे तपासावयाच्या यादीतच ते द्रव्य नव्हते.

परंतु मला खरोखर अस्वस्थ केले ते निराळ्याच गोष्टीने. तोच बुश इंदापूरच्या दुकानातही विकला जातो. सोबत कागद नसतो. लेथवरचा पोरगा पितळेचा कीस हातांनी गोळा करतो, त्याच हातांनी भाकरी खातो, आणि कपड्यांवरची धूळ घरच्या तान्ह्या मुलापर्यंत नेतो. शिशाचा उपद्रव वाढत्या मुलांच्या मेंदूस सर्वाधिक. हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकास जे कळविणे कर्तव्य, ते यास कळविणे कर्तव्य नव्हे काय? 'तो विचारीत नाही,' हे उत्तर फार दुबळे आहे. ज्यास त्या द्रव्याचे नावही ठाऊक नाही तो विचारणार कसा? दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पितळात मिसळलेले शिसे नुसत्या स्पर्शाने बाधत नाही. अर्धवट माहितीने माणसे विनाकारण घाबरतील. हे मी खोटे म्हणत नाही. पण मग उरलेले अर्धेही सांगावे: हात धुवून जेवावे, कपडे कारखान्यातच बदलावे, कीस ब्रशाने उचलावा. आपल्या सरकारने घरगुती रंगांतील शिशास 2016 च्या नियमांनी दशलक्षात 90 भाग ही मर्यादा घातली, आणि नोव्हेंबर 2017 पासून ती लागू झाली. त्यानंतर मी घर दोनदा रंगविले. दुकानदारास एकदाही विचारले नाही. तेव्हा विद्यार्थ्यावर रागावण्याचा मला अधिकार थोडाच.

महिन्याने तो पुन्हा आला. सळईचा तुकडा पुण्यास तपासून घेतला होता; शिसे 2.8 टक्के निघाले. त्याने तक्त्यात ते तसेच लिहिले. व्यापाऱ्याने थोडी कुरकूर केली, जर्मनीहून मात्र हरकत आली नाही. त्यांस आकडा हवा होता, तो मिळाला.

"आणि लेथवरच्या मुलांस?" मी विचारले.

मराठीत लिहिलेला एक कागद त्याने खिशातून काढून दाखविला. घडीवरून तो बरेच दिवस खिशात असावा. तो भिंतीवर लावण्याविषयी मालकांस अद्याप विचारलेले नव्हते.